एका रात्रीपुरता ॲक्सेस

१९९४ मध्ये मी चिंचवडच्या एका कारखान्यात एएस/४०० संगणक सांभाळायला लागलो, तेव्हा अकाउंट्सच्या तिजोरीत एक सीलबंद पाकीट असे. त्यात क्यूसेकऑफरचा, म्हणजे त्या मशीनवरच्या सर्वाधिकारी यूजरचा पासवर्ड. पाकिटावर दोन सह्या, उघडायचं तर रजिस्टरमध्ये नोंद. त्या पाकिटाचा आम्हाला फार विश्वास वाटायचा. पण त्याच मशीनवर आमच्या सहाही प्रोग्रॅमरांना कुठलीही फाइल उघडता, बदलता, पुसता येत होती. मशीन सुरक्षेच्या २० क्रमांकाच्या पातळीवर चालत होतं. पासवर्ड विचारला जाई, पण एकदा आत आलं की सगळी दारं सताड उघडी. १९८८ साली आयबीएमने हे मशीन आणलं तेव्हा १० ची पातळीही होती. तिथे पासवर्डही लागत नसे.

यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. डिस्पॅचचा माणूस धावत येई, ‘साहेब, चलन निघत नाहीये, गाडी उभी आहे.’ प्रोग्रॅमर तिथल्या तिथे फाइल उघडून आकडा दुरुस्त करी. गाडी निघे.

मग एका महिनाअखेरीला आमच्यातला सगळ्यात नीटनेटका मुलगा टेस्टिंगला बसला. एएस/४०० वर एकाच नावाची फाइल टेस्ट आणि प्रॉडक्शन, म्हणजे चाचणीची आणि खऱ्या कामाची, अशा दोन्ही लायब्रऱ्यांत असू शकते. नुसतं नाव दिलं, तर तुमच्या लायब्ररी लिस्टमध्ये जी लायब्ररी वर, तिथली फाइल मशीन उचलतं. सकाळी एक तक्रार तपासताना त्याने प्रॉडक्शन वर घेतली होती, ती तशीच राहिली. दुपारी त्याने चलनांची फाइल रिकामी करायची कमांड दिली, एंटर दाबलं. हिरव्या अक्षरांत खाली एक साधी ओळ आली: मेंबर रिकामा झाला. त्याने स्क्रीनवरून बोट फिरवत लायब्ररीचं नाव दोनदा वाचलं आणि उठून सरळ माझ्याकडे आला. आदल्या रात्रीची टेप लावली. त्या दिवसाची चलनं मात्र कार्बनच्या प्रतींवरून पुन्हा टाइप करावी लागली. रात्री अकरापर्यंत चौघं बसले होते. पुढे कित्येक महिने तो मुलगा साधी कमांड देतानाही शेजाऱ्याला बोलावून दाखवायचा. चूक त्याची होती, असं मी तेव्हाही मानलं नाही. ज्या दारातून त्याने जायलाच नको होतं, ते आम्ही उघडं ठेवलं होतं.

एका रविवारी आम्ही मशीन ३० च्या पातळीवर नेलं. सोमवारी सकाळी निम्मे प्रोग्रॅम ‘अधिकार नाही’ म्हणून थांबले. सरसकट हक्कांवर इतकं काही चालत होतं, हे त्या दिवशी कळलं. त्यातून मार्ग काढला तो मशीनमध्येच असलेल्या एका सोयीने: प्रोग्रॅम चालू असेपर्यंत त्याला त्याच्या मालकाचे हक्क मिळतात, चालवणाऱ्या माणसाला नाही. म्हणजे चलन दुरुस्त करायचा हक्क माणसाच्या हातात न देता एका तपासलेल्या प्रोग्रॅमच्या हातात द्यायचा. कामापुरताच अधिकार हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं. आमच्यापर्यंत ते वीस वर्षांनी, कार्बनच्या प्रतींसह पोहोचलं.

वायटूकेच्या धांदलीत हे सगळं पुन्हा सैल झालं. बाहेरून आलेल्या डेव्हलपरांना ‘काम होईपर्यंत’ म्हणून पूर्ण हक्कांचे आयडी दिले. काम झालं, माणसं गेली, आयडी राहिले.

खरी शिस्त आली ती अमेरिकेच्या कायद्यामुळे. एनरॉन बुडाल्यावर २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला, आणि तिथल्या कंपन्यांचं काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या टीम्सनाही ऑडिटर विचारू लागले: कोड लिहिणारा आणि तो प्रॉडक्शनवर चढवणारा एकच कसा? डेव्हलपर चिडले. रात्रीचा जॉब पडला की आम्हालाच उठवता, आणि बघायची परवानगी नाही? त्यांचं म्हणणं खरं होतं. नुसतं दार बंद करून भागत नाही, अडीअडचणीला उघडायची रीतही लावावी लागते. त्यातून आणीबाणीचा आयडी रुळला. कारण लिहून मागायचा, ठरल्या तासांसाठी मिळणार, केलेली प्रत्येक गोष्ट नोंदली जाणार. एसएपीवर काम करणारे त्याला फायरफायटर म्हणतात.

तंत्र बदललं, घोटाळ्याची जात तीच राहिली. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीच्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसवरच पुसायची कमांड दिली. तीनएकशे जीबीपैकी साडेचार उरले. ते वाचताना मला आमची लायब्ररी लिस्ट आठवली. उबरचं २०१६ चं प्रकरण मला त्याहून धास्तीचं वाटतं. डेव्हलपरांच्या कोडमध्ये राहून गेलेली क्लाउडची किल्ली चोरांच्या हाती लागली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. आता आयडी माणसाचाच असतो असंही नाही; तो कोडच्या एका ओळीत पडून असतो, आणि ती ओळ राजीनामा देत नाही.

म्हणून इतक्या वर्षांनंतर मी ॲक्सेस देताना सगळ्यात आधी विचारतो, ‘परत कधी घ्यायचा?’ एएस/४०० च्या वंशजावर, आयबीएम आयवर, आता यूजरलाच संपण्याची तारीख घालता येते. २०२२ च्या आवृत्तीपासून तर मशीन २० च्या पातळीवर नेताच येत नाही.

मागच्या महिन्यात पहाटे पावणेतीनला टीममधल्या एका मुलीचा फोन आला. पगाराचा जॉब अडकला होता. तिला सहापर्यंतचा आयडी दिला. तिने एक रेकॉर्ड दुरुस्त केला, जॉब पुन्हा चालू केला. सव्वाचारला पुन्हा फोन. ‘सर, झालं. बंद करून टाका ना आत्ताच, म्हणजे मला झोप लागेल.’




मी बंद केला. सकाळी दहाला आम्ही दोघांनी नोंदी काढल्या आणि ओळ न् ओळ वाचली. सतरा ओळी होत्या.