गिअर नॉब बदलताना: आट्यांचे गणित

बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याने तिथून ॲल्युमिनियमचा नॉब आणला. तो दोन फेरे नीट फिरला, मग अडकला. त्याने पकड लावून जोर केला आणि नॉबचे आटे गेले. चूक जोर कमी पडण्याची नव्हती, मोजमाप न करण्याची होती.

आटे कसे ओळखावेत?

‘एम१० × १.५’ म्हणजे बाहेरचा व्यास १० मिमी आणि लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, १.५ मिमी. होंडाच्या मॅन्युअल गाड्यांत सहसा हेच माप असते. टोयोटात सहसा एम१२ × १.२५. एम१० × १.२५ हेही माप प्रचलित आहे, आणि घोटाळा इथेच होतो. व्यास सारखा असल्याने नॉब सुरुवातीला बसतो. पण दर फेऱ्याला ०.२५ मिमीचा फरक साचत जातो आणि आटे एकमेकांवर चढतात.

पिच गेज नसेल तर साधी पट्टी घ्या. लिव्हरवरील आट्यांचे सलग ९ माथे मोजा. त्यांच्यामध्ये ८ अंतरे येतात. लांबी १२ मिमी आली तर पिच १.५, १० मिमी आली तर १.२५. व्यास व्हर्नियरने मोजा. तो १० पेक्षा किंचित कमीच भरेल.

कृती

१. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये.
२. लिव्हरचे कव्हर खाली सरकवून जुना नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. काही नॉब आट्यांचे नसून दाबून बसवलेले असतात. फिरत नसेल तर आधी गाडीची पुस्तिका पाहा.
३. रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल, तर ती नव्या नॉबखाली पूर्ण उचलली जाते का ते तपासा.
४. नवा नॉब फक्त बोटांनी फिरवा. पहिल्या चार फेऱ्यांत अडला तर थांबा.
५. गिअरचा नकाशा सरळ आल्यावर खालून चेक नट आवळा.

बारीक स्क्रूंनी पकडणारे ‘युनिव्हर्सल’ नॉब टाळा. कंपनाने ते स्क्रू सैल होतात, आणि सिल्क बोर्डच्या गर्दीत नॉब हातात येणे धोक्याचे आहे.

उंचीचा परिणाम

आघूर्ण = बल × भुजा. टेकूपासून हाताचे अंतर २५० मिमीवरून २२० मिमी झाले, तर तेवढ्याच आघूर्णासाठी २५०/२२०, म्हणजे सुमारे १४ टक्के जास्त बल लागते. हाताची हालचाल मात्र त्याच प्रमाणात कमी होते. जड नॉबचे जडत्व गिअर टाकताना मदत करते, म्हणून तो ‘मऊ’ वाटतो. गिअरबॉक्समध्ये काहीच बदललेले नसते.

शेवटची तपासणी

इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, रिव्हर्ससह सर्व गिअर टाकून पाहा. हात डॅशबोर्डला लागता कामा नये. आठवड्याने नट पुन्हा आवळा. जुना नॉब जपून ठेवा.

स्वाध्याय: १.२५ पिचचा नॉब १५ मिमी खोल बसवायला किती फेरे लागतील? पिच १.५ असेल तर?