सही ज्याची, जबाबदारी त्याची

इमारत कोसळली की संशय आधी ठेकेदारावर आणि त्याच्या मालावर जातो. आराखड्यावर सही करणाऱ्याचे नाव मागाहून निघते, कधी निघतही नाही. सहीची झडती आधी का घ्यावी, हे अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दुर्घटनेतून कळते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी तिथल्या दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना टांगलेले दोन पादचारी पूल खाली आले आणि ११४ माणसे दगावली. मूळ आराखड्यात चौथ्या व दुसऱ्या मजल्यावरचे पूल छतापासून निघालेल्या सलग पोलादी गजांवर पेललेले होते. काम सोपे व्हावे म्हणून गज तोडून दोन केले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळयांनाच टांगला. साहजिकच वरच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला. हा बदल असलेल्या ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कार्यालयाचा तपासणीचा शिक्का होता. मात्र नव्या जोडाचे गणित मांडून पाहिलेले नव्हते.

बदल पोलादकाम करणाऱ्या कारखान्याने सुचवला, जोडाचा तपशील पाहणे त्याचेच काम, असा इंजिनिअरांचा बचाव होता. तो टिकला नाही. फौजदारी शिक्षा कोणालाही झाली नाही, पण घोर निष्काळजीपणा ठरून दोन इंजिनिअरांचे मिसुरी राज्यातले परवाने गेले. असा धाक घातला तर सही करायला कोण धजावेल, असे काहीजण विचारतात. शंका रास्त आहे. पण कायदा अचूकपणाची हमी मागत नाही. त्या व्यवसायातला सर्वसाधारण जाणकार जेवढी काळजी घेईल, तेवढीच मागतो. जोडावरचा भार तपासणे एवढे तर त्यात येतेच.

आपल्याकडे आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या कायद्याने होते, पण सिव्हिल इंजिनिअरसाठी देशभर लागू असा परवान्याचा कायदा नाही. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, पण ते बंधन बिल्डरवर आहे. ज्याच्या गणितावर इमारत उभी राहते, त्याचा परवाना चुकीपायी जाऊ शकेल, अशी तरतूद इंजिनिअरांसाठीही झाली पाहिजे. तोवर घर घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे: प्रकल्पाच्या रेरा नोंदणीत आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावे द्यावी लागतात. पैसे भरण्याआधी ती वाचा आणि त्यांच्या कामाची चौकशी करा.