अंकुराचं कवच: बुरशीशी लढणारी पेप्टाइड्स

मुळ्याचं बी ओल्या मातीत रुजायला लागतं, तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ. साल फाटलेली, आत साठवलेलं अन्न उघडं पडलेलं आणि भोवती त्या अन्नावर टपलेल्या बुरश्या. साल फाटताच हे बी आपल्याभोवती अगदी लहान प्रथिनं सोडतं आणि कोवळ्या अंकुराजवळ बुरशीची वाढ थांबते. बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९२ साली ही प्रथिनं वेगळी काढली. त्यांची साखळी जेमतेम ५१ अमिनो आम्लांची. एवढ्या आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात आणि या कुळाचं नाव आहे डिफेन्सिन.

ही साखळी गंधकाच्या चार बंधांनी घट्ट आवळलेली असते, म्हणून उकळल्यावरही तिची ताकद टिकते. मुळ्याचं डिफेन्सिन बुरशीच्या पेशीपटलातल्या ग्लुकोसिलसेरामाइड नावाच्या मेदाला चिकटतं. असा मेद माणसाच्या पेशीतही असतो, पण त्याची घडण वेगळी असल्यामुळे डिफेन्सिन त्याला धरत नाही. झाडाला अपाय न करता बुरशीच टिपणारं औषध झाडाच्याच अंगात आहे, हे कळल्यावर पुढचा प्रश्न ओघानंच आला: एका झाडाचं हे जनुक दुसऱ्या झाडात घातलं तर?

अमेरिकेत लसूणघासाच्या बियांमधलं डिफेन्सिन बटाट्यात घालून पाहिलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, व्हर्टिसिलियम या जमिनीतल्या बुरशीपुढे तो बटाटा प्रत्यक्ष शेतात तगला. जमिनीला विषारी धुरी देऊन मिळतं तितकं किंवा त्याहून जास्त संरक्षण त्याला मिळालं. तरीही तो बाजारात आला नाही. ऑस्ट्रेलियात तंबाखूच्या एका शोभिवंत भाईबंदाच्या फुलातलं डिफेन्सिन कपाशीत घातलं आणि रोगट जमिनीत तीन वर्षं तिची चाचणी घेतली. जास्त झाडं जगली, रुईही जास्त मिळाली.

आपल्याला सगळ्यात जवळचं वाटावं असं काम मात्र भुईमुगावरचं आहे. कूट, चटणी, उपासाची खिचडी आणि दिवाळीचा चिवडा, शेंगदाण्याशिवाय यांतलं काय होतं? शेवटच्या आठवड्यांत पावसानं ताण दिला किंवा काढणीनंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत, की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी दाण्यात शिरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी भुईमुगाची पेंड खाऊन मेले, तेव्हा या विषाचा छडा लागला. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तरी हे विष यकृताचा कर्करोग घडवू शकतं, आणि भाजल्यानं ते पुरतं जात नाही. म्हणूनच युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यात किलोमागे चार मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन चालत नाही.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत यावर दुहेरी उपाय केला. काही भुईमुगांत लसूणघासाचं आणि त्याच्या एका रानटी नातलगाचं डिफेन्सिन घातलं, म्हणजे बुरशी आत शिरतानाच अडावी. इतर काही झाडं अशी घडवली, की बुरशी आत शिरलीच तरी तिची विष बनवणारी जनुकं गप्प व्हावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात अनेक वाणांच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नगण्य निघालं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण यात फायदा शेतकऱ्याचा तर आहेच, पण खाणाऱ्याचा त्याहून मोठा आहे.

दुसरं काम मुंबईतलं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पेटुनियाच्या फुलांतली दोन डिफेन्सिन्स रसथाली या दक्षिणेतल्या केळीच्या वाणात घातली गेली. फ्युझेरियम बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगाला अशी झाडं दाद देत नाहीत, असं २०१२ साली दिसून आलं. या बुरशीचे बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात आणि मुळांतून आत शिरलेल्या बुरशीपर्यंत फवारणी पोहोचत नाही, म्हणून झाडाच्या आतूनच बचाव हवा. जळगावच्या ग्रँड नैन केळीला याच बुरशीच्या चौथ्या वंशाचा धोका आहे, आणि तो वंश बिहार-उत्तर प्रदेशात येऊन पोहोचला आहे.

जनुक घातलं की काम झालं, असं मात्र नाही. कपाशीत घातलेल्या, तंबाखूच्या भाईबंदाच्या त्या डिफेन्सिनला मुळात एक शेपटीसारखा तुकडा असतो. तो या पेप्टाइडला पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन ठेवतो. तुकडा काढून टाकला तर झाडाची स्वतःचीच पानं आकसतात. पेटुनियाच्या डिफेन्सिनलाही असा तुकडा आहे. क्षारांमुळे अनेक डिफेन्सिन्स दुबळी पडतात, त्यामुळे काचेच्या बशीतलं यश शेतात उतरेलच असं नाही. शिवाय भुईमुगाच्या स्वतःच्या काही डिफेन्सिन्सची नोंद अ‍ॅलर्जी आणणाऱ्या प्रथिनांत झालेली आहे. नवं डिफेन्सिन खाद्यपिकात घालायचं तर ही तपासणी सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक व्हायला हवी. तिला अडथळा समजणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण तपासणी करणं वेगळं आणि फाइल पडून राहणं वेगळं. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, बीटी वांग्याला २०१० साली स्थगिती आली, आणि जीएम म्हणजे जनुक-परिवर्तित मोहरीबाबत जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी मर रोगाला तोंड देणाऱ्या जनुक-परिवर्तित केळीला मंजुरी दिली. तिच्यात डिफेन्सिन नाही, रानकेळीचं जनुक आहे. खाण्याच्या केळीला बी धरत नाही, म्हणून जनुक बाहेर पसरण्याची भीतीही तिच्यात सगळ्यात कमी.

इक्रिसॅटचा भुईमूग आणि ट्रॉम्बेची केळी सार्वजनिक संस्थांत घडली आहेत. त्यांच्या चाचण्या बंदिस्त शेतात, विद्यापीठांच्या देखरेखीखाली व्हाव्यात आणि चांगले-वाईट सगळे आकडे मराठीतून शेतकऱ्यांपुढे ठेवले जावेत. कृषी विद्यापीठांनी आणि शेतकरी संघटनांनी ही मागणी आता लावून धरावी.