दुकानाचे शटर आणि घराचे शटर

रोलिंग शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या आडव्या पट्ट्यांचा पडदा. दोन्ही बाजूंच्या गाईडमधून तो वर सरकतो आणि डोक्यावरच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो. सकाळी बाजारपेठेत खडखडाट करत उघडतो तो हाच. दुकानाचे शटर पडते तेव्हा आत सहसा कोणी नसते. घराचे शटर पडते तेव्हा माणसे आत झोपलेली असतात. घरासाठी निवड करताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

गाडीची जागा, मागची पडवी, जिन्याखालची खोली अशा ठिकाणी बंदोबस्त महत्त्वाचा, म्हणून तिथे पोलादी पट्टीच बरी. पट्टीची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गिऱ्हाईक फसते ते इथेच, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज ०.९, तर २२ गेज जेमतेम ०.७. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांत साडेतीन मीटर रुंदीपर्यंतच्या शटरला किमान ०.९ मिलिमीटरचा पत्रा सांगितला आहे. कोटेशनवर नुसते ‘हेवी ड्युटी’ लिहिलेले असेल तर त्याला काडीचा अर्थ नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी आणि रंग लागण्यापूर्वी मोजावी.

कोकणात, गोव्यात खारा वारा साध्या लोखंडाला टिकू देत नाही. गंज आधी धरतो तो तळपट्टीला आणि गाईडच्या पायाशी, जिथे पावसाचे पाणी आणि माती साचते. तिथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा हवा, नाहीतर सरळ ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचे वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते. मात्र पातळ पट्टी पहारीपुढे टिकत नाही.

खिडकीचा हिशोब वेगळा. जर्मनीत घरोघरी दिसणाऱ्या खिडकीच्या शटरांत आत फोम भरलेल्या ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. शटर थोडे सैल सोडले की पट्ट्यांमधल्या बारीक छिद्रांतून उजेड येतो. पूर्ण खाली टेकवले की मिट्ट काळोख. पश्चिमेच्या खिडकीला अशा शटरचा खरा उपयोग होतो, कारण ऊन काचेबाहेरच अडते. आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पण खिडकीला आधीच मजबूत ग्रिल असेल आणि उन्हाचा त्रास नसेल, तर शटरचा खर्च वायाच जातो. वारा हवा असेल तिथे जाळीचे शटर पाहावे.

गुंडाळलेल्या शटरला वर जागा लागते. ७५ मिलिमीटरच्या पोलादी पट्ट्यांच्या पेटीला फूटभर किंवा अधिक, तर बारीक ॲल्युमिनियम पट्ट्यांना १५ ते २० सेंटिमीटर पुरतात. माप घेताना नेमके हेच विसरले जाते आणि मग दाराची उंची कमी होते. सोसायटीत बाहेरून पेटी बसवायची तर आधी परवानगी घ्यावी.

हाताने ओढायचे शटर ८ चौरस मीटरपर्यंत चालते, बॉल बेअरिंग असल्यास १२ पर्यंत. त्यापुढे गिअर किंवा मोटर. घरातली दारे-खिडक्या सहसा याहून लहानच असतात, तेव्हा मोटर ही गरजेपेक्षा सोयच जास्त. हाताच्या शटरमधली स्प्रिंग वजन तोलून धरते. ती ताणलेली असते, म्हणून पेटी स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नये. शटर जड लागू लागले तर स्प्रिंग सैल झाली असावी किंवा गाईड वाकले असावे. जोर लावण्यापेक्षा कारागीर बोलवावा.

आग लागली तर बाहेर पडता यावे म्हणून निदान एक दार आणि झोपण्याच्या खोलीची एक खिडकी आतून, किल्लीशिवाय उघडणारी हवी. मोटर घेतलीच, तर हँडलने उघडण्याची सोय असलेली घ्यावी. बसवून झाल्यावर मेन स्विच बंद करून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते शटर उघडून पाहायला सांगावे; उघडले तरच उरलेले पैसे द्यावेत.