हर्नियाची जाळी : मोल आणि गुण

पोटाची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी झाली की आतील भाग तेथून बाहेर डोकावतो. यालाच अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. केवळ टाके घालून हे भगदाड बुजवल्यास ताण येऊन विकार पुन्हा उद्भवण्याचा संभव अधिक असतो. म्हणून आज बहुधा तेथे जाळी बसवली जाते. तिच्या छिद्रांतून शरीराची ऊती वाढते आणि भिंत बळकट होते.

जाळ्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिली कृत्रिम धाग्यांची. त्यांत पॉलिप्रॉपिलीन सर्वाधिक प्रचलित आहे. दुसरी जैविक, ती बहुधा डुकराच्या कातडीपासून किंवा गोवंशाच्या ऊतीपासून तयार करतात. अहिंसाधर्म पाळणाऱ्या कुटुंबांनी ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच करून घेणे अगत्याचे आहे.

महाग ते उत्तम, हा समज येथे टिकत नाही. अमेरिकेत पोटाच्या दूषित जखमांतील हर्नियाच्या 253 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत जैविक जाळीच्या गटात 20.5 टक्के, तर कृत्रिम जाळीच्या गटात 5.6 टक्के रुग्णांना हर्निया पुन्हा झाला. जैविक जाळीची किंमत मात्र कृत्रिम जाळीच्या शेकडो पट होती.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण तर अभिमानास्पद आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून गरीब रुग्णांसाठी वापरले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची व्यापारी जाळीशी तुलना झाली. 2016 च्या अहवालानुसार वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाला हर्निया पुन्हा झाला, व्यापारी जाळीच्या गटात कोणालाही नाही. हा फरक नगण्य ठरला. अर्थात कापडाची पारख आणि निर्जंतुकीकरण हे तज्ज्ञांचेच काम होय.

वजनाने हलकी, मोठ्या छिद्रांची जाळी आत टोचल्याची जाणीव काहीशी कमी करते. परंतु ती प्रत्येक शस्त्रक्रियेस योग्य ठरेलच असे नाही.

तेव्हा वाचकहो, शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : जाळी कशाची आहे? तीत प्राणिज घटक आहे काय? आणि महाग जाळी सुचवली असल्यास माझ्या प्रकृतीला तिचा नेमका लाभ कोणता? जाळीचे नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी बिलासोबत जपून ठेवावी. वस्तू पारखून घेण्याची आपली सवय येथेही उपयोगी पडेल.