संबोधनातील समता आणि गुलामगिरीचा प्रश्न : क्वेकर पंथ

मानवी हक्कांची जाणीव समाजात रुजवणाऱ्या धार्मिक गटांमध्ये क्वेकर पंथाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मात्र ही जाणीव त्यांना आधी स्वतःच्याच घरात रुजवावी लागली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने हा ख्रिस्ती पंथ उदयास आला. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वरी प्रकाश असतो, ही त्याची मूळ श्रद्धा. तत्कालीन इंग्रजीत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा संबोधनभेद होता. क्वेकरांनी न्यायाधीशालाही ‘तू’ असेच संबोधले. मामलेदाराला भर कचेरीत अरे-तुरे केल्याची कल्पना करावी, म्हणजे या कृतीची धार कळेल.

व्याकरणातली ही समता व्यवहारात मात्र उतरली नव्हती. अमेरिकेतील कित्येक क्वेकर गुलाम बाळगत. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चौघांनी त्याचा लेखी निषेध केला. वरिष्ठ सभेने निर्णय देण्याचे टाळले.

पुढच्या शतकात न्यू जर्सीच्या जॉन वूलमन (१७२०–१७७२) यांनी हा प्रश्न धसास लावला. तरुणपणी दुकानात नोकरीस असताना मालकाच्या सांगण्यावरून त्यांनी एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहिले. ते लिहिताना मन अस्वस्थ झाले आणि पुढे असे दस्तऐवज लिहिण्यास ते नकार देऊ लागले. एका शेजाऱ्याचे मृत्युपत्र त्यांनी लिहून दिले, पण गुलाम स्त्रीविषयीचे कलम गाळून. दोघांचे बोलणे झाले आणि शेजाऱ्याने तिला मुक्त करण्याचे मान्य केले. प्रचाराची ही रीत संथ खरी. पण समोरच्याला अपमानित न करता निरुत्तर करणारी होती. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांची समजूत घालण्यासाठी माणसे नेमली. त्यांत वूलमनही होते. १७७६ मध्ये गुलाम बाळगण्यास पंथात बंदी झाली. जर्मनटाउनच्या निषेधाला तोवर ८८ वर्षे लोटली होती!

त्यानंतरची मोहीम पंथाबाहेरची. १७८७ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गुलामव्यापारविरोधी समितीच्या बारा सदस्यांपैकी नऊ क्वेकर होते. ‘ब्रूक्स’ जहाजात दाटीवाटीने निजवलेल्या माणसांचे चित्र समितीने छापून सर्वत्र पोहोचवले. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली.

अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी लढ्याची दखल मराठीतही घेतली गेली. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका वाचताना ‘गुलाम’ या शब्दाच्या अर्थकक्षेत शूद्रातिशूद्र कसे येतात, याकडे लक्ष द्यावे.