माईक शिट्टी का मारतो?

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यात. रामनवमीला तिथे उत्सव असतो. २०२२ चं मराठवाडा साहित्य संमेलनही घनसावंगीतच भरलं. थोडक्यात, जालना जिल्ह्याला भाषणं नवी नाहीत.

पण भाषण ऐकू येईना की मागून ओरड होते, ‘आवाज वाढवा!’ साउंडवाला वाढवतो, स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. आवाज वाढवण्याआधी वक्त्याला माईकजवळ घ्यावं. तोंडापासून माईक १५ ते २० सेंटिमीटरवर हवा. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घसरतो. माईक ओठांसमोर नको. हनुवटीच्या उंचीवर, जरा बाजूला, पण तोंडाकडे वळलेला असावा. नाहीतर ‘बंधू-भगिनींनो’ म्हणताच ‘ब’ आणि ‘भ’ची हवा थेट जाळीवर आदळते आणि पहिल्याच शब्दाला भप्प! मिक्सरवर १०० हर्ट्झखालचा भाग कापला की हे भपके आणि पोडियमवर हात आपटल्याचे दणके बरेच कमी होतात (आपल्याकडे दुसऱ्याचीच गरज जास्त).

शोभेसाठी दोन माईक लावायची हौस टाळलेली बरी. दोन्ही चालू असतील तर तोच शब्द दोन्हींत किंचित मागेपुढे पोचतो आणि आवाज पोकळ लागतो.

स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. पत्र्याच्या शेडमध्ये थोडे खाली झुकवून, म्हणजे पत्रा कमी घुमतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा भोंगा रात्री १० ते सकाळी ६ बंद; ठरावीक दिवसांची सवलत वेगळी.